रणभूमीसाठी निधी मागताय? या चुका टाळा

असई हे जालना जिल्ह्यातलं गाव. २३ सप्टेंबर १८०३ ला इथे शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेवर ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्ली चालून आला. केळणा नदीला आसपास कुठेही उतार, म्हणजे पात्र ओलांडता येईल अशी उथळ जागा, नाही असं वाटाड्यांनी त्याला सांगितलं होतं. पण दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं त्याने पाहिली आणि ताडलं, की यांच्यात ये-जा असणारच. उतार सापडला, फौज पार झाली आणि केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात लढाई पेटली.

अशा जागेसाठी निधी मागताना आपण काय लिहितो? कमान, चौथरा, पुतळा. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे. नदी, उतार आणि ती दोन गावं एका नजरेत दिसली, तरच असई कळते. मधे कमान उभी केली तर तीच नजर अडते. त्यापेक्षा नीट पाहता येईल अशी उभं राहायची जागा, दिशा दाखवणारा नकाशा, उतारापर्यंत पायवाट आणि गावातल्या मुलामुलींना माहिती सांगण्याचं प्रशिक्षण मागा. फलकांच्या देखभालीचे पैसेही त्यातच धरा, कारण दोन पावसाळ्यांत पत्रा गंजतो आणि मग मजकूर कुणालाच वाचता येत नाही.

दुसरी चूक जमिनीची. किल्ल्याला तटबंदी असते, रणभूमी मात्र कुणाच्या तरी नावावरचं शेत असतं. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र हा केंद्राचा नियम उघड्या रानाला आपोआप लागू होत नाही. म्हणून ‘जागा संरक्षित आहे’ असं प्रस्तावात ठोकून देऊ नका. गट नंबर काढा, सातबारा जोडा, ग्रामसभेचा ठराव घ्या. आणि शेतकऱ्याशी आधी बोला. आपल्या बांधावर फलक लागणार हे त्याला उद्घाटनाच्या पत्रिकेतून कळलं, तर काम तिथेच अडेल आणि त्यात चूक त्याची नसेल.

कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीची वाट खुली आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू आणि स्थळांचं जतन बसतं. प्रस्ताव अडतो तो कागदांवर. संस्थेची प्राप्तिकर खात्याकडची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळणारा नोंदणी क्रमांक हवा. शिवाय शौर्यदिनाची मिरवणूक, मांडव, सत्कार हा खर्च त्यात घालू नका. एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरले जात नाहीत आणि त्या एका ओळीमुळे अख्खा प्रस्ताव संशयात येतो. उत्सव लोकवर्गणीतून करा, तो तसाच शोभतो.

नांगरताना गोळे किंवा बंदुकीच्या गोळ्या सापडल्या तर त्या गोळा करून देवळात मांडण्याचा मोह होतो. मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारी मंडळीही येतात. त्यांना थांबवा. गोळी कुठे पडली होती यावरून सैन्याची फळी कुठे उभी होती हे कळतं. ती जागेवरून हलली, की उरतो फक्त शिशाचा तुकडा. सापडल्या जागेची नोंद करा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. उत्खनन परवानगीशिवाय करता येत नाही, त्यामुळे ‘खोदकाम’ हा खर्च स्वतःच्या बळावर मांडू नका.

प्रस्ताव परत आला तर तोच पुन्हा पाठवू नका. आधी लहान रकमेत फक्त सर्वेक्षण आणि नकाशा मागा, बाकीचं काम दुसऱ्या टप्प्यात ठेवा. जोडलेले फोटोही तपासा. मे महिन्यातल्या कोरड्या पात्राचा फोटो पाहून उताराचं मोल कुणालाच समजणार नाही. लढाई सप्टेंबरात झाली असेल, तर सप्टेंबरात, पात्रात पाणी असताना जा आणि दोन्ही काठ एका चौकटीत घ्या.