स्ट्रीटवेअरचं ऑनलाइन दुकान कसं वाढवावं: माँट्रियलच्या एसेन्सकडून काय उचलावं, काय टाळावं

महागडं स्ट्रीटवेअर ऑनलाइन विकायचं ठरलं की बहुतेक जण आधी लोगो करून घेतात आणि मग जाहिरातींवर पैसे ओततात. माझं ठाम मत आहे की पहिला पैसा मालाच्या निवडीवर आणि प्रॉडक्ट पेजवर घालावा. मी पुण्यातून भारतीय लेबल्सचे हूडी, टी-शर्ट, कार्गो विकते आणि हा धंदा शिकताना सतत एकाच दुकानाकडे बघत आले: कॅनडातल्या माँट्रियलचं ऑनलाइन फॅशन दुकान एसेन्स (SSENSE). रामी, बासेल आणि फिरास अताल्ला या तीन भावांनी ते २००३ मध्ये सुरू केलं. रामी शिकलेला कम्प्युटर इंजिनिअरिंग, आणि सुरुवात झाली जीन्स विकण्यापासून. २०२१ मध्ये सिक्वोया कॅपिटलने पैसे घातले तेव्हा कंपनीचं मूल्य सुमारे ५ अब्ज कॅनेडियन डॉलर धरलं गेलं. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस तीच कंपनी धनकोंपासून संरक्षण मागायला कोर्टात उभी होती. ती वर कशी चढली तेही बघायचं आणि कुठे अडकली तेही.

आधी खरेदी. एसेन्सवर बॅलेन्सियागा किंवा रिक ओवेन्ससारखे नावाजलेले ब्रँड शोधत आलेल्या पोराला त्याच पानावर कधी नाव न ऐकलेल्या डिझायनरचं जॅकेट दिसतं. मोठं नाव गिऱ्हाईक आणतं, पण ते नाव दहा दुकानांत मिळतं. गिऱ्हाईक परत येतं ते नवख्या नावासाठी. तुम्हीही लोक आधीच शोधतायत असे थोडे ब्रँड ठेवा आणि बाकी जागा स्वतःच्या नजरेला द्या. पैसे अडकण्याचा प्रश्न इथेच सुरू होतो. पॅरिसच्या शोरूममध्ये जानेवारीत ऑर्डर दिलेला माल जुलैपासून पुढे हातात येतो. तोवर फॅशन कुठे वळली असेल कोण जाणे. आपल्याला एवढ्या आधी गुंतायची गरज नसते. जवळच्या लेबलशी बोलून अर्धा माल रोखीने घ्या आणि अर्धा विकल्यावर पैसे या बोलीवर. रोखीचा माल कमी रंगांत घ्या. काळा आणि ऑफ-व्हाइट हलतो, तिसरा रंग बहुतेकदा रॅकवरच राहतो.

आता प्रॉडक्ट पेज. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा. एसेन्सचं कुठलंही पान उघडा: फिकट, मोकळी पार्श्वभूमी, एकसारखा उजेड, समोरून, मागून, जवळून फोटो. वर्णन अगदी कोरडं. कापड कुठलं, गळ्याला रिब आहे का, छापील मजकूर कुठे, खांदा उतरता आहे का. मॉडेलची उंची आणि त्याने घातलेला साइज. ‘भन्नाट’, ‘स्टायलिश’ असला एक शब्द नाही. लाखाचा कोट आणि नवख्या पोराचा टी-शर्ट दोघांना सारखीच वागणूक मिळते, म्हणून तो टी-शर्टही लाखाच्या मालासारखा दिसतो. त्या दुकानाच्या वाढीत या शिस्तीचा वाटा फार मोठा आहे असं मला वाटतं.

घरी हे जमतं. राखाडी कागदाचा रोल भिंतीला लावा, दिवे एकाच जागी ठेवा आणि जमिनीवर टेप चिकटवून मॉडेलच्या पायांची खूण करा. माप घेताना टी-शर्ट टेबलावर पसरा, सुरकुत्या हाताने काढा, पण कापड ताणू नका. काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेपर्यंत छाती, खांद्याच्या वरच्या टोकापासून खालच्या दुमडीपर्यंत लांबी. एकाच साइजचे तीन नग मोजा. तिरुपूरहून आलेल्या एकाच लॉटमध्येही अर्धा इंच फरक निघतो, मग पानावर ‘अर्धा इंच कमी-जास्त’ असं लिहा. एक नग धुऊन, वाळवून पुन्हा मोजा आणि तेही माप द्या. कापडाचं वजनही लिहा: नेहमीचा टी-शर्ट १८० जीएसएमचा (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), आपला २४० चा, म्हणजे अंगावर सैल पडतो पण लोंबत नाही, आणि मे महिन्यात गरम होतो. हो, गरम होतो हेही लिहा. ज्याला नको तो ऑर्डर करत नाही आणि रिटर्नचं कुरियर वाचतं.

थोड्या नगांच्या ड्रॉपला, म्हणजे एकदाच मोजका माल विक्रीला काढता तेव्हा, कॅश ऑन डिलिव्हरी बंद ठेवा. दार न उघडल्यामुळे परत आलेलं पार्सल प्रवासात असताना तो साइज साइटवर संपलेला दिसतो, आणि खरं गिऱ्हाईक निघून जातं.

सेलबाबत एसेन्सचं अनुकरण करू नका. वर्षातून दोनदा तिथे मोठा सेल लागतो, किमती निम्म्यावर आणि त्याखालीही येतात. पोरं हंगामभर कार्टमध्ये माल टाकून बसतात. एकदा सवय लागली की पूर्ण किमतीला कोणी हात लावत नाही. माल उरला तर आधी लेबलला परत द्या किंवा अदलाबदल करा. मगच सूट, आणि तीही तेवढ्याच नगांवर.

आता जिथे घात झाला ते. एसेन्सची सगळ्यात मोठी बाजारपेठ अमेरिका. तिथे ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल २०१६ पासून आयात शुल्काशिवाय आत जायचं. माँट्रियलहून न्यूयॉर्कला शर्ट पाठवायचा, गिऱ्हाइकाला जास्तीचा पैसा लागायचा नाही. २९ ऑगस्ट २०२५ ला ही सवलत सगळ्या देशांसाठी बंद झाली. त्यात शुल्क लागतं ते माल कुठे बनला त्यावर, कुठून पाठवला त्यावर नाही; इटलीत शिवलेला शर्ट माँट्रियलच्या गोदामातून निघाला तरी कस्टम्सला तो इटलीचाच. मागणी आधीच थंडावलेली, डोक्यावर कर्ज, आणि वर हे.

म्हणून तुमची किंमत कुठल्या सरकारी आकड्यावर उभी आहे ते आजच कागदावर मांडा. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलं की १८. करापूर्वी २,५०० चा हूडी गिऱ्हाइकाला २,६२५ ला पडतो. करापूर्वीची किंमत २,६०० केली तर ३,०६८. तुमच्या खिशात शंभर जास्त, त्याच्या खिशातून ४४३ जास्त. त्यामुळे मधल्या किमतीचा हूडी ठेवूच नका. एक तर २,५०० च्या आत बसवा, नाहीतर कापड, झिप, शिवण एवढी चांगली घ्या की साडेतीन हजार मागता येतील.

न्यू जर्सीतला कोणी ऑर्डर देऊ लागला तर त्या दिवशीचा शुल्काचा दर कुरियर कंपनीकडून लेखी घ्या. तो पैसे भरण्याआधीच त्याला पूर्ण रक्कम दाखवा आणि शुल्क आपणच भरून पार्सल पाठवा.