उजव्या स्टिअरिंगची जुनी मस्टँग बडोद्यात घेताना: एक्स्पोर्ट गाडी कशी ओळखावी

1965 ची अमेरिकन फोर्ड मस्टँग, स्टिअरिंग उजवीकडे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये, आणि विकणारा म्हणतो, "फॅक्टरी एक्स्पोर्ट मॉडेल आहे." हे ऐकलं की किमतीचं बोलणं थांबवा आणि आधी बोनेट उघडायला सांगा. फोर्डने कारखान्यातून उजव्या स्टिअरिंगची मस्टँग काढली ती थेट 2015 च्या मॉडेलपासून. त्याआधीच्या सगळ्या उजव्या मस्टँग मागाहून बदललेल्या आहेत. शेव्हरोलेच्या पहिल्या पिढीच्या कॅमॅरोचंही तेच. म्हणून पाहायचं ते एवढंच, की बदल कुणी, कुठे आणि किती नीट केला.

काही बदल खुद्द कंपनीचे आहेत. फोर्ड ऑस्ट्रेलियाने 1965-66 मध्ये सिडनीजवळच्या होमबुश कारखान्यात सुमारे 200 मस्टँग उजव्या केल्या. त्यामुळे कापून जोडलेला डॅशबोर्ड दिसला म्हणून गाडी लगेच खोटी ठरत नाही. मात्र ती होमबुशची असेल तर तसा कागद ऑस्ट्रेलियाकडून आलेला हवा. रॅम्बलर जॅव्हलिन ही दुसरी अमेरिकन गाडी ऑस्ट्रेलियातच पोर्ट मेलबर्नला सुट्या भागांतून उजव्या स्टिअरिंगचीच जुळवली जायची. मोठ्या शेव्हरोले आणि पॉन्टिअॅक मात्र कॅनडाच्या ओशावा कारखान्यातून खरोखर उजव्या निघायच्या. जर्मनीत गेलेली मस्टँग डावीच असायची, पण तिथे ते नाव क्रुप कंपनीकडे असल्यामुळे ती टी-5 नावाने विकली जाई.

आता नंबर. 1965-66 च्या मस्टँगची माहितीची पट्टी डाव्या दाराच्या मागच्या कडेवर रिव्हेटने बसवलेली असते. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत लोक सवयीने उजवं दार उघडून पाहतात आणि पट्टीच नाही म्हणतात. तिच्यावर डीएसओ नावाचा, ऑर्डर कुठल्या विक्री विभागाची ते सांगणारा रकाना असतो; त्यात 90 ते 99 मधला आकडा असेल तर गाडी निर्यातीच्या ऑर्डरवर बनली. चेसिस नंबर डाव्या पुढच्या फेंडरखालच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो आणि फेंडरच्या खाचेतून दिसतो. रंग असेल तर घासू नका. थिनरचा बोळा हलक्या हाताने फिरवा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या आणि तो दारावरच्या पट्टीशी व आरसी बुकाशी अक्षर अन् अक्षर जुळवा. पट्टी नवी करून मिळते, तेव्हा एकट्या पट्टीवर विसंबू नका. 1967 आणि नंतरच्या फोर्डसाठी अमेरिकेतल्या मार्टी ऑटो वर्क्सकडून मूळ नोंदींचा अहवाल मागवता येतो. 1965-66 साठी तशा नोंदी नाहीत, म्हणून तिथे पत्राच बोलतो. 1965 पासूनच्या शेव्हरोलेत नंबरातला सहावा आकडा वर्षाचा आणि सातवा कारखान्याचा. सातव्या जागी 1 असेल तर ओशावा.

एक्स्पोर्ट ब्रेसला पुरावा मानू नका. फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) दोन्ही शॉक टॉवरपर्यंत (पुढच्या शॉक अॅब्झॉर्बरचे वरचे आधार) जाणारी ही एकसंध पट्टी निर्यातीच्या मस्टँगला असायची खरी, पण नवी विकत मिळते आणि बोल्टने बसते. टी-5 चे बिल्लेही तसेच मिळतात. त्यापेक्षा फेंडरच्या आतून हात फिरवा. MUSTANG ही अक्षरं बसवायची भोकं वेल्डिंगने बुजवलेली हाताला लागली, तर गाडी टी-5 म्हणून सजवलेली असण्याचा दाट संशय धरा.

सर्वात जास्त वेळ फायरवॉलला द्या. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन डाव्या बाजूला, म्हणजे जिथे मूळ स्टिअरिंग होतं तिथे, दोन्हीकडून पाहा. कारखान्याच्या जोडाला सारख्या अंतरावर गोल खळगे दिसतात. गॅस वेल्डिंगची वेडीवाकडी रेघ, वर पुट्टी किंवा जाड अंडरकोट दिसला, तर ते गॅरेजचं काम. तेही वाईटच असतं असं नाही. मकरपुरा जीआयडीसीत उत्तम लेथ आणि फॅब्रिकेशन करणारे आहेत. बिघडतं ते जोडाखाली आतून आधाराची पट्टी दिली नाही तर. मग ब्रेक जोरात दाबला की फायरवॉल वाकते. एकाला पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि तुम्ही मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या सिलिंडरकडे, पाहा. तो जागचा हलता कामा नये. पेडल उजवीकडे आणि सिलिंडर डावीकडेच ठेवून मध्ये आडवा दांडा टाकला असेल, तर दांड्याला पीळ पडतो का तेही पाहा.

स्टिअरिंग डॅशमागे चेन किंवा बेव्हल गिअरने डावीकडच्या मूळ स्टिअरिंग बॉक्सला जोडलेलं असेल, तर ती गाडी रस्त्यावर काढू नका. बॉक्स खरोखर उजवीकडे हलवलेला असेल तर पुढची अडचण उष्णतेची. फोर्डच्या 289 इंजिनाचा स्टार्टर उजव्याच बाजूला, आणि उजवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डही तिथेच. बडोद्याच्या मे महिन्यात अर्धा तास गाडी चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबून पुन्हा चालू करा. स्टार्टर रडतखडत फिरला, तर उष्णतारोधक पत्रा आणि जाड केबल लागणारच, हे किमतीत धरा. त्याच बाजूला ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते: 5C12 म्हणजे 12 मार्च 1965. ती गाडीच्या तारखेच्या आधीची हवी. नंतरची असेल तर इंजिन बदललेलं आहे.

चालवताना खड्ड्यात चाक आपोआप वळतं का, हे असं तपासा. सपाट जागी प्रत्येक पुढच्या चाकाखाली मध्ये ग्रीस लावलेले दोन पत्रे ठेवा. गाडीला समांतर दोरी ताणून टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. मग क्रॉसमेंबरखाली (पुढची आडवी तुळई) जॅक लावून, टायर पत्र्यावर टेकलेलेच ठेवून, गाडी 50 मिमी उचला आणि पुन्हा मोजा. थोडा फरक मूळ गाडीतही पडतो. डाव्या आणि उजव्या चाकाचा फरक वेगवेगळा आला, तर पिटमन आर्म आणि आयडलर आर्म, म्हणजे स्टिअरिंगच्या जोडणीचे दोन बाजूंचे दांडे, एका उंचीवर नाहीत. हे अलाइनमेंटने सुटत नाही, ब्रॅकेट नव्याने बसवावं लागतं.

पुढच्या काचेखालच्या जाळीत दोन-तीन लिटर पाणी ओता. पाय ठेवायच्या जागी ठिबकलं तर आतला पत्रा कुजला आहे, आणि तो बदलायला पुढचा बराच भाग उकलावा लागतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं होतं, तेव्हा गाडी कुठे उभी होती हे विचारा. सीटची रेल आणि डॅशमागच्या वायरिंगमधला गाळ खरं सांगतो. हेडलाइट सोपे: 7 इंची गोल, डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचं एच4 बल्बचं युनिट थेट बसतं. वायपर डाव्या गाडीचेच असतील तर काचेच्या उजव्या कडेला न पुसलेला पट्टा राहतो, आणि पावसाळ्यात तो नेमका तुमच्या डोळ्यांसमोर येतो.

कागदांत आयात झालेल्या गाडीची बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सकडचा आयातीचा कागद) किंवा जुनं आरसी बुक नसेल तर बयाणाही देऊ नका. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते: फॉर्म 20, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षं मुदत, आणि नंबरात राज्याच्या कोडनंतर VA. चेसिस, बॉडी आणि इंजिनात बदल नसावा अशी अट आहे, म्हणून इथे केलेलं रूपांतर आरटीओत प्रश्न उभा करू शकतं. अस्सल डावी टी-5 हाती आली तर ती डावीच ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 120 नुसार डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवता येते, फक्त सिग्नल देणारं यांत्रिक किंवा विजेवरचं उपकरण चालू स्थितीत हवं.