सतत थकवा येतो? सलाईनची ‘बाटली’ लावण्याआधी या चुका टाळा

पुरेशी झोप होऊनही दोन-तीन आठवडे अंगात त्राण नसेल, तर त्यामागे काहीतरी कारण असतं, आणि बरीचशी कारणं साध्या रक्ततपासणीत सापडतात. नडते ती आपली घाई.

आधी इंजेक्शन, मग तपासणी

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. समजा, नाशिकजवळच्या सातपूरच्या कारखान्यात काम करणारी पंचेचाळिशीतली शाकाहारी बाई आहे. पायांना मुंग्या येतात, संध्याकाळी उभं राहवत नाही. जवळच्या दवाखान्यात एक दिवसाआड ताकदीची, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची, पाच इंजेक्शनं घेऊन होतात. पुढच्या आठवड्यात कुणीतरी बी-१२ तपासायला सांगतं आणि आकडा येतो २००० च्या वर. घरचे निश्चिंत होतात. तो आकडा फक्त इंजेक्शन रक्तात पोचल्याचं सांगतो. कमतरता आहारामुळे होती की आतड्यातून बी-१२ शोषलंच जात नव्हतं, हा शोध तिथेच थांबतो. शोषण होत नसेल तर उपचार जन्मभर चालू ठेवावे लागतात, आणि ही बाई पाचव्या सुईवर थांबलेली असते. काही महिन्यांनी मुंग्या परत येतात. उशीर झाला तर नसांची इजा पूर्ण भरून येत नाही.

म्हणून आधी रक्त द्या, सुई नंतर. बी-१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता. २०० ते ३०० असेल तर लक्षणं पाहून डॉक्टर ठरवतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्तावरची पँटोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर ते आवर्जून सांगा, दोन्हींमुळे बी-१२ घटतं. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेऊ नका. रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

लोहाची गोळी चहाबरोबर

सकाळी चहा, त्याच घोटाबरोबर गोळी, दोन महिन्यांनी “गोळ्या लागू पडत नाहीत.” चहा, दूध, कॅल्शियम आणि अँटासिड लोह शोषू देत नाहीत. गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्या; चहा दोन तासांनी. पोटात मळमळलं तर एक दिवसाआड घ्या, पण सोडू नका. शौच काळी होते, घाबरू नका. गोळी लागू पडत असेल तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅम वाढतं. आकडा नॉर्मल झाला की लोक गोळी बंद करतात, तेव्हा शरीराचा साठा रिकामाच असतो. पुढे आणखी तीन महिने घ्यायची असते.

साठा कळतो फेरिटिनवरून, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या रक्ततपासणीवरून. हिमोग्लोबिन १२ असूनही फेरिटिन ३० च्या खाली असू शकतं आणि थकवा त्यानेही येतो. ताप किंवा संसर्ग असताना मात्र फेरिटिन फसवं वाढतं, तेव्हा तपासू नका. पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या बाईत लोह कमी निघालं तर गोळी देऊन मोकळं होणं चूक आहे. पोटातून किंवा आतड्यातून रक्त जातंय का, ते बघावंच लागतं. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी आधी करा. फेरिटिन चांगलं असूनही रक्तपेशी लहान दिसल्या तर थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक असण्याची शक्यता बघा. तिथे लोहाचा उपयोग नाही.

सलाईन

५०० मिलिच्या ग्लुकोज-सलाईनमध्ये साधारण २५ ग्रॅम साखर आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं. पाच चमचे साखर. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं असेल तर ठीक. एरवी थकव्याचं कारण तसंच राहतं, आणि मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर अपाय होतो.

थायरॉइड. गोळी चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. लोह आणि कॅल्शियम चार तासांनी. डोस बदलल्यावर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करा, पंधरा दिवसांत नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, आकडे चुकतात.

ड जीवनसत्त्व. ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदाची असते. ती रोज घेतली तर कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.

घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसा डुलक्या असतील तर रक्त नव्हे, झोप तपासावी लागते. कशातच मन लागत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा, नैराश्याचा थकवा खरा असतो. फळांसाठीच्या गोडी छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारणी करताना घाम, लाळ, धूसर दिसणं आणि अशक्तपणा एकत्र आला, तर तो साधा शीण नाही, विषबाधा असू शकते: कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जा. वजन घटतंय, संध्याकाळी ताप येतोय, खोकला दोन आठवडे थांबत नाही, तर थुंकीची क्षयरोग तपासणी करा. आणि नाशिकच्या डोंगरावरची जी पांडवलेणी गेल्या वर्षी सहज चढत होता, तिथे यंदा निम्म्या पायऱ्यांवर दम लागतो किंवा छातीत दाटतं, तर ईसीजी त्याच दिवशी काढून घ्या.