शेततळं दुप्पट केलं, तर पाणी किती पट?

वावरात १५ बाय १५ मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं आहे आणि ते दुप्पट करायचं मनात आलं, तर पोकलेन बोलावण्याआधी एवढं ठरवा: दुप्पट काय करायचं? बाजू, खोली की पाणी? तिन्हींचं उत्तर वेगळं येतं आणि खोदाईचा हिशेब घनमीटरवर होतो.

आधी सगळी मापं मीटरमध्ये आणा. खोदणारे बहुधा फुटात बोलतात, तर फुटांना ३.२८ ने भागा. १ घनमीटर म्हणजे १००० लिटर.

मग कागदावर लिहा: लांबी किती पट, रुंदी किती पट, खोली किती पट. तिन्हींचा गुणाकार करा. सगळंच दुप्पट केलं तर २ × २ × २, म्हणजे ८ पट. विहिरीचा फक्त व्यास दुप्पट केला तर ४ पट, कारण खोली तीच राहिली. नुसती खोली दुप्पट केली तर २ पट. हौद, विहीर, टिनाची कोठी, जिथं भिंती सरळ आहेत तिथं काम इथंच संपतं.

शेततळ्याच्या बाजू मात्र उतरत्या असतात, आणि फसगत तिथंच होते. १:१ उतार धरू, म्हणजे जेवढं खोल तेवढंच आत. १५ मीटरच्या तोंडाला तळ ९ मीटरचा आणि अर्ध्या खोलीवरची बाजू १२ मीटरची. आता तोंडाचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि मधल्याची चौपट यांची बेरीज करा, खोलीने गुणा, ६ ने भागा:

(२२५ + ८१ + ५७६) × ३ ÷ ६ = ४४१ घनमीटर.

तोंड ३० बाय ३० केलं, खोली ३ च ठेवली, तर तळ २४ चा, मधली बाजू २७ ची:

(९०० + ५७६ + २९१६) × ३ ÷ ६ = २१९६ घनमीटर.

चौपट धरून चाललो असतो तर १७६४ आले असते. खरी वाढ जवळपास पाचपट. कारण उताराने दोन्हीकडून मिळून खाल्लेले ६ मीटर दोन्ही तळ्यांत तेवढेच. १५ मधून ६ गेले तर फार, ३० मधून गेले तर कमी. खोलीही ६ मीटर केली, तरच उतारासकट सगळं दुप्पट होतं आणि बरोब्बर ८ पट, ३५२८ घनमीटर भरतं. (एवढी खोदाई परवडेल का, ते वेगळं.) खोल काळ्या मातीत १:१ उतार टिकत नाही, बाजू ढासळते, तिथं तळ आणखी लहान धरून हाच हिशेब पुन्हा करा.

पाणीच दुप्पट हवं असेल, तर प्रत्येक माप १.२६ पट पुरतं: बाजू १८.९ मीटर, खोली ३.७८. पन्नी, म्हणजे तळ्यात अंथरायचा प्लास्टिकचा कागद, मात्र क्षेत्रफळाने वाढते, सुमारे १.५९ पट, म्हणजे दर लिटरमागे ती स्वस्तच पडते.

उन्हाळ्यात शिल्लक पाणी मोजतानाही उतार विसरू नका. १५ मीटरच्या तळ्यात पाणी दीड मीटरवर आलं, की उरलेलं पाणी १६६.५ घनमीटर, निम्म्याहून बरंच कमी. ओलिताच्या पाळ्या त्यावरूनच धरा.