बागेतील कचरा उचलण्याचा दर कसा ठरवावा

बागकामाचा व्यवसाय करणारे बहुतेक जण छाटणीचा दर विचारपूर्वक ठरवतात आणि कचरा मात्र “तो काय, टाकून देऊ” अशा बोलीवर स्वीकारतात. पुण्यासारख्या शहरात हीच बोली महागात पडते. मेंदीचे किंवा ड्युरांटाचे कुंपण कापायला जितका वेळ लागतो, तितकाच वेळ कापलेले गोळा करून, फाटकापर्यंत नेऊन, टेम्पोत भरून योग्य जागी रिकामे करण्यात जातो. शिवाय टेम्पोचे भाडे रोख द्यावे लागते. म्हणून कोटेशनमध्ये कचरा ही स्वतंत्र ओळ असावी, आणि ग्राहकाने सवलत मागितली तर ती छाटणीच्या रकमेत द्यावी. वाहतुकीचा बराचसा खर्च आपल्या हातातला नसतो, त्यामुळे तेथे दिलेली सवलत थेट खिशातून जाते.

दर वजनावर ठरवू नये. फांद्या आणि पाने हलकी असली तरी जागा फार व्यापतात, त्यामुळे टेम्पो वजनाने भरण्याच्या कितीतरी आधी आकारमानाने भरतो. वाळू आणि मुरूम यांच्या व्यवहारातील ब्रास हे माप येथेही सोयीचे आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो, त्या टेम्पोचा हौदा साधारण सव्वासात फूट लांब आणि पाच फुटांस किंचित कमी रुंद, म्हणजे सुमारे ३५ चौरस फुटांचा असतो. त्यात तीन फूट उंचीपर्यंत माल रचून वर ताडपत्री व दोरी बांधली, की एक ब्रास पुरा होतो. कचऱ्याच्या ढिगाची लांबी, रुंदी आणि सरासरी उंची फुटांत मोजून गुणाकार केला की खेपांचा अंदाज ग्राहकासमोरच मिळतो, आणि टेप लावून मोजलेल्या ढिगावर घासाघीसही कमी होते. लहान कामासाठी गोणी हे माप चालते, परंतु गोण्या एकसारख्या नसल्याने आपण वापरतो ती गोणी एकदा बादलीने मोजून ठेवावी. खताच्या मोठ्या गोणीत तीन ते साडेतीन घनफूट पाला बसतो असे धरले, तर ब्रासला तीसेक गोण्या होतात.

ढीग मोजताना तो कापलेल्या अवस्थेत किती उरेल, हे ओळखता आले पाहिजे. बोगनवेलीच्या लांब फांद्या तशाच टाकल्या तर अर्धा हौदा हवेनेच भरतो; त्याच कोयत्याने दीड-दोन फुटांच्या तुकड्यांत तोडून पायाने दाबल्या, की ढीग जवळपास निम्मा होतो. तोडण्याची मजुरी आणि दुसऱ्या खेपेचे भाडे यांची तुलना केली तर मजुरी जवळजवळ नेहमीच स्वस्त ठरते. नारळाच्या झावळ्यांचेही तसेच आहे: देठ वेगळे करून एकावर एक रचले, तर निम्म्या जागेत बसतात.

वजनाचा विचार करावा लागतो तो काही मोजक्याच बाबतींत, पण तेथे चूक मोठी होते. ओले गवत, केळीचे खुंट आणि कुंड्यांतील माती हौदा अर्धाही भरलेला नसताना वाहनाची क्षमता संपवतात. छोट्या हत्तीची वहनक्षमता साधारण पाऊण टनाची असते, आणि ओल्या मातीचा एक ब्रास चार टनांच्या पुढे जातो. “थोडी जुनी माती पण घेऊन जा” असे ग्राहक सहज म्हणतो, तेव्हा तिचा दर स्वतंत्र सांगावा. विटांचे तुकडे, फुटक्या कुंड्या आणि प्लास्टिक हे बागेतील कचऱ्यात धरूच नयेत, कारण ते मिसळलेला पाला खत करणारा कोणीही घेत नाही.

आता मजुरी. येथे निर्णायक ठरते ते झाडापासून टेम्पोपर्यंतचे अंतर. बंगल्याच्या अंगणातून थेट फाटकाबाहेर माल जात असेल तर एक माणूस सहज पुरतो. चौथ्या मजल्यावरील गच्चीतली बाग असेल आणि सोसायटीने लिफ्टमधून गोण्या न्यायला मनाई केली असेल, तर तेवढ्याच कचऱ्याला तिप्पट वेळ लागू शकतो. पाहणीच्या वेळी एक भरलेली गोणी स्वतः खाली नेऊन परत वर यायला किती मिनिटे लागली ते पाहावे आणि गोण्यांच्या संख्येने गुणावे. टेम्पो कोठे उभा राहू शकतो, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या टेम्पोपर्यंतची प्रत्येक फेरी हजेरीत, म्हणजे मजुरांच्या रोजंदारीत, मोजली जाते.

एक उदाहरण घेऊ. त्यातील रकमा केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत, प्रत्येकाने आपल्या भागातील भाव घालावेत. ढीग १० फूट लांब, ५ फूट रुंद, ४ फूट उंच, म्हणजे २०० घनफूट. तोडून दाबल्यावर एक ब्रास, म्हणजे एक खेप. दोन मजुरांची अर्ध्या दिवसाची हजेरी मिळून ७०० रुपये, टेम्पो चालकासह १,२००, रिकामे करण्याच्या जागेचे शुल्क ३००, दोरी, गोण्या व हातमोजे यांची झीज १००, आणि पाहणी, फोन व देखरेख यांत गेलेला स्वतःचा वेळ ४००. खर्च झाला २,७०० रुपये. विक्रीच्या २० टक्के नफा हवा असेल, तर २,७०० ला ०.८ ने भागावे. उत्तर ३,३७५ येते आणि दर ३,४०० सांगावा. खर्चावर २० टक्के चढवले तर ३,२४० येतात आणि विक्रीच्या हिशेबाने नफा १७ टक्क्यांहूनही कमी उरतो. एका कामात हा फरक किरकोळ वाटतो, पण वर्षभराच्या खेपांवर तो जाणवतो.

खेप अर्धी भरली तरी भाडे पूर्ण लागते, म्हणून किमान शुल्क ठरलेले असावे आणि ते एका खेपेच्या दरापेक्षा कमी नसावे. एकाच गल्लीतील दोन ग्राहकांचा माल एका खेपेत बसत असेल, तर दोघांना थोडी सवलत देऊनही आपला फायदाच होतो; फक्त अशा वेळी दिवस आपण ठरवणार, हे आधी सांगावे.

कचरा जाणार कोठे, हे ठरल्याशिवाय दर सांगणे म्हणजे अर्धाच हिशेब करणे होय. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेतील कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवून स्थानिक संस्थेच्या सूचनेनुसार त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावर घातली, आणि तो रस्त्यावर, मोकळ्या जागेत किंवा नाल्यात टाकण्यास व जाळण्यास मनाई केली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाई आकारण्याचा आदेश दिला. निम्म्या भावात कचरा उचलणारा टेम्पोवाला तो नदीकाठी ओतून येणार असेल, तर तक्रार होताच ग्राहक आपलेच नाव सांगेल. तेव्हा महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करून बागेचा कचरा स्वीकारणारी जागा, तिची वेळ आणि शुल्क नोंदवून ठेवावे, आणि मिळालेली पावती बिलाला जोडावी. स्वस्त कोटेशनशी तुलना करणाऱ्या ग्राहकाला ही पावती बरेच काही समजावते.

काही माल फुकट जाऊ शकतो. लॉनचे ताजे, फवारणी न केलेले गवत गोठेवाले आनंदाने नेतात; मात्र त्यात कण्हेरीची छाटणी चुकूनही जाता कामा नये, कारण ती जनावरांना विषारी असते. कोरडी पाने गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांना हवी असतात, आणि पुण्यात ‘ब्राउन लीफ’ या नागरिकांच्या मंचाने ती जाळण्याऐवजी गरजूंना देण्याची पद्धत रुजवली आहे. अशी सोय झाल्यास टेम्पो व जागेचे शुल्क वगळावे, गोळा करण्याची मजुरी मात्र कायम ठेवावी. ज्यांच्याकडे जागा आहे, त्यांना पाला आवारातच कुजवण्याचा पर्याय मी नेहमी आधी सुचवतो. खड्डा किंवा जाळीचे कुंड करणे, पाला बारीक करणे आणि दर काही आठवड्यांनी उलथणे यांचा तासाचा दर लावला, की ग्राहकाला वाहतुकीपेक्षा कमी खर्च येतो आणि आपल्याला नियमित काम मिळते. बी धरलेले गाजर गवत मात्र या खतात घालू नये, आणि ते उपटणाऱ्यांना हातमोजे द्यावेत.

मोठी फांदी किंवा झाड असेल, तर आधी परवानगीची प्रत मागावी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरात झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ती आणण्याचे काम ग्राहकाचे की आपले, हे कोटेशनमध्येच लिहावे. लाकूड कोणाचे, हेही लिहिलेले बरे. जळाऊ लाकडाला भाव मिळतो हे काम संपल्यावर ग्राहकाच्या ध्यानात येते आणि मग वाद होतो.

वार्षिक करारात सर्वांत जास्त फसगत होते. हिवाळ्यातील एका महिन्याचा कचरा पाहून वर्षाचा दर लावला, तर फेब्रुवारी ते एप्रिलमधील पानगळ आणि पावसाळ्यातील बेसुमार वाढ अंगावर येते. शिवाय पावसात भिजलेल्या पाल्याचे वजन वाढते. करारात महिन्याला किती ब्रास समाविष्ट आहेत ते लिहून त्यापुढे ब्रासमागे दर लावावा, आणि वादळात पडलेली झाडे त्यातून वगळावीत. कोटेशनमधील ओळ अशी असू शकते: “कचरा वाहतूक, तोडून व दाबून एका ब्रासपर्यंत, ३,४०० रुपये, त्यापुढील प्रत्येक खेपेस २,९०० रुपये, माती, राडारोडा व प्लास्टिक वगळून, दर ३० दिवस ग्राह्य.” पुढील खेपेचा दर कमी असतो, कारण पाहणीचा आणि समन्वयाचा खर्च पहिल्या खेपेतच वसूल झालेला असतो.

प्रत्येक कामानंतर अंदाजाचे ब्रास, प्रत्यक्ष भरलेले ब्रास आणि लागलेले तास वहीत शेजारी-शेजारी लिहावेत. टेम्पोचे भाडे किंवा हजेरी वाढली, की चालू करार संपण्याची वाट न पाहता नव्या ग्राहकांना त्याच दिवसापासून नवा दर सांगावा.