गेमिंग लॅपटॉप तापतोय? कूलिंग पॅड घ्यायच्या आधी हे सगळं करून बघा

नागपूरला मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर जातो आणि खोलीत कूलर लावला तरी ३२-३३ च्या खाली काही येत नाही, अशा खोलीत मी चार उन्हाळे गेमिंग लॅपटॉप चालवलाय म्हणून हे लिहितोय. गेम सुरू केला की पहिली दहा मिनिटं मस्त जातात, मग पंखे ओरडायला लागतात, कीबोर्डच्या वरच्या भागावर बोट ठेववत नाही आणि सेकंदाला ९० फ्रेम्सवर (म्हणजे ९० चित्रांवर) चालणारा गेम एकदम ४० वर येऊन अडकतो. बरेच जण इथे घाबरतात की लॅपटॉप गेला. तसं नसतं, चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते, यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. इंटेलच्या बहुतेक एच सिरीज प्रोसेसरची मर्यादा १०० डिग्री असते, एएमडीच्या रायझन ५८००एच ची १०५, ६८००एच ची ९५. म्हणजे गेममध्ये ८५ दिसलं तर लगेच पेचकस घेऊन बसायची गरज नाही, ९५ च्या वर जाऊन वेग पडत असेल तर मात्र काम आहे.

सगळ्यात आधी मोजायचं. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर येतं ते टाका, सेन्सर्सवाला भाग उघडा आणि नेहमीचा गेम अर्धा तास खेळा. प्रोसेसरचं जास्तीत जास्त तापमान, ग्राफिक्स कार्डचं तापमान, दोघं किती वॅट घेतात, चिपचा वेग (क्लॉक) किती मेगाहर्ट्झ आहे आणि थ्रॉटलिंगच्या रकान्यात हो आलं की नाही, एवढं वहीत लिहून ठेवा. आणि सोबत खोलीचं तापमान लिहा, हे कुणीच लिहीत नाही. खोली १० डिग्रीने थंड असेल तर चिपसुद्धा साधारण तेवढीच थंड दिसते, मग जानेवारीत थर्मल पेस्ट (चिप आणि तिची उष्णता ओढणारा हीटसिंक यांच्यामध्ये लावायचा लेप) लावून लोक म्हणतात १२ डिग्री फरक पडला, अरे त्यातला अर्ध्याहून जास्त फरक थंडीचा आहे. एका वेळी एकच बदल करायचा आणि परत मोजायचं. चार गोष्टी एकदम केल्या तर कशाने फायदा झाला आणि कशाने बिघडलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

आता फुकटातलं. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळत असाल तर ते आजच बंद करा. पंखे खालून हवा ओढतात, गादी तो रस्ता बंद करते आणि वरून कापसाचे तंतू आत जातात ते वेगळंच. टेबलावर ठेवा आणि मागची बाजू दोन-अडीच इंच उचला, पुस्तकं लावा, लाकडी ठोकळे लावा, बाटलीची झाकणं लावा, फक्त पंख्यांच्या जाळीखाली काही येऊ देऊ नका. माझ्याकडे एवढ्यानेच ४-५ डिग्री उतरले होते. म्हणून म्हणतो कूलिंग पॅडवर दीड-दोन हजार घालवायच्या आधी हे करा, कारण पॅडचा बराचसा फायदा हा लॅपटॉप उचलला जाण्याचाच असतो. अजून एक, आपल्याकडे लोक वाळ्याचा कूलर थेट लॅपटॉपकडे तोंड करून लावतात. खोली थंड झाली पाहिजे, पण लॅपटॉपवर ती ओली हवा नको, पाण्याचे बारीक थेंब येतात आणि आपल्या पाण्यात क्षार किती असतात ते कूलरच्या जाळीवरच्या पांढऱ्या थरावरून बघाच.

गेमचे फ्रेम्स बांधून टाका. स्क्रीन १४४ हर्ट्झची आहे म्हणून १४४ च पाहिजेत असं नाही, स्टोरीवाल्या गेमला ६० किंवा ७५ पुरतात आणि चिप निम्म्या ताकदीत काम करते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची मॅक्झिमम स्टेट १०० ची ९९ टक्के केली की बहुतेक लॅपटॉपवर टर्बो बूस्ट, म्हणजे गरज पडली की चिपने वाढवलेला जादा वेग, बंद होतं, तापमान धाडकन खाली येतं. पण बेस क्लॉकवर, म्हणजे चिपच्या मूळ वेगावर, काही गेम मार खातात, म्हणून हा उपाय मी फक्त एप्रिल-मेमध्ये वापरतो, बारा महिने नाही.

यापेक्षा चांगला उपाय म्हणजे पॉवर लिमिट (चिपने जास्तीत जास्त किती वॅट घ्यायचे ती मर्यादा) आणि अंडरव्होल्ट (चिपला थोडं कमी व्होल्टेज देणं), आणि माझ्या मते ज्याला लॅपटॉप उघडायचाच नाही त्याने निदान हे तरी शिकावं. चिप जेवढी ताकद खाते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि शेवटचे दोन-तीनशे मेगाहर्ट्झ गाठायला सगळ्यात जास्त व्होल्टेज लागतं, म्हणजे शेवटच्या थोड्याशा वेगासाठी आपण भरमसाट उष्णता विकत घेतो. इंटेलवर थ्रॉटलस्टॉप नावाचं सॉफ्टवेअर वापरा. त्यात एफआयव्हीआर खिडकीत कोअर आणि कॅश दोघांना सारखाच उणे ५० मिलिव्होल्ट द्या, गेम खेळा, टिकलं तर १०-१० ने खाली जा, निळी स्क्रीन आली की १५-२० ने वर या आणि तिथेच थांबा. बूट होताना आपोआप लागू होईल असं सेटिंग आठवडाभर टेस्ट केल्याशिवाय करू नका, नाहीतर क्रॅश होणारं सेटिंग चालू करताच लागेल आणि तुम्ही अडकाल. आता बऱ्याच जणांना तिथे कुलूप दिसेल. २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली, त्यानंतर कंपन्यांनी बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेटमधून अंडरव्होल्ट बंद केलं. काही मॉडेलमध्ये बायोसमध्ये ते परत चालू करायचा पर्याय असतो तो बघा, पण कुठलं तरी बदललेलं बायोस टाकायच्या फंदात पडू नका, मदरबोर्ड बंद पडला तर खर्च फार मोठा आहे. कुलूप असलं तरी पॉवर लिमिट बऱ्याचदा उघडं असतं, थ्रॉटलस्टॉपच्या टीपीएल खिडकीत पीएल वन (सतत चालतानाची मर्यादा) आणि पीएल टू (थोड्या वेळाची जास्तीची मर्यादा) दिसतात, गेमिंगसाठी दोघं ४५ किंवा ३५ वॅटला आणून बघा. गेममध्ये बहुतेक वेळा भार ग्राफिक्स कार्डवर असतो, प्रोसेसर उगाच ७०-८० वॅट ओढत बसतो आणि दोघांचे हीट पाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) जोडलेले असल्याने कार्डही तापतं. ज्यांच्याकडे एनव्हिडियाचं डायनॅमिक बूस्ट आहे त्यांना तर दुहेरी फायदा, प्रोसेसरने सोडलेले वॅट कार्डला मिळतात, म्हणजे प्रोसेसर कमी केला आणि फ्रेम्स वाढल्या असंही होतं.

ग्राफिक्स कार्डसाठी एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर, कुठल्याही कंपनीच्या लॅपटॉपवर चालतं. कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजचा आलेख उघडतो. आधी पूर्ण आलेख खाली ओढा, मग ८०० मिलिव्होल्टवरचा एकच ठिपका पकडून कार्ड गेममध्ये जेवढ्यावर चालतं तिथपर्यंत उचला आणि अप्लाय करा, त्याच्या उजवीकडचा आलेख सपाट होतो. माझ्या कार्डला १७०० मेगाहर्ट्झ झेपलं, तुमच्या चिपला १६०० झेपेल किंवा १८०० झेपेल, प्रत्येक चिप वेगळी. स्क्रीनवर रंगीत ठिपके आले किंवा गेम आपोआप बंद झाला तर ५० ने खाली या.

एवढं करूनही ९५ च्या वर जातंय तर मग उघडायचं. आधी वॉरंटी बघा, काही कंपन्या खालचं झाकण उघडू देतात, काही ठिकाणी स्क्रूवर स्टिकर असतो, वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरला विचारूनच हात लावा. पूर्ण शटडाउन करा, चार्जर काढा. स्क्रू सगळे सारखे नसतात, थर्मोकोलच्या तुकड्यावर लॅपटॉपचा आकार काढायचा आणि जिथला स्क्रू तिथेच खोचून ठेवायचा, लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरून कीबोर्डचा भाग फुगतो. कधीकधी एखादा स्क्रू रबराच्या पायाखाली लपलेला असतो. मग जुनं प्लास्टिक कार्ड फटीत घालून क्लिपा एकेक करत सोडवायच्या, जोर लावायचा नाही, अडलं म्हणजे स्क्रू राहिलाय. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, वायर ओढून नाही तर नखाने कनेक्टर सरकवून, आणि नंतर पॉवर बटण १५ सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलासुरला करंट जातो.

खरा चोर बहुतेक वेळा इथेच सापडतो. पंख्याच्या पात्यांवर धूळ दिसते ती सगळ्यांना दिसते, पण पंखा आणि बाहेरची तांब्याची जाळी यांच्या मध्ये धूळ आणि केसांचा गोधडीसारखा थर जमतो तो पंखा काढल्याशिवाय दिसतच नाही. बाहेरून ब्लोअर मारला की तो थर आतच ढकलला जातो. माझ्या लॅपटॉपमधून अडीच वर्षांनी तो थर चिमट्याने अख्खाच्या अख्खा निघाला, एका पट्टीसारखा, आणि एकट्या त्याने ९६ चे ८६ झाले, पेस्टला हातही लावला नव्हता. पंख्याचे स्क्रू काढा, कनेक्टर काढा, मऊ ब्रशने पाती आणि जाळी साफ करा. ब्लोअर वापरायचा तर पातं बोटाने धरून ठेवा, मोकळा पंखा हवेने भन्नाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं.

पेस्ट बदलायची असेल तर उघडायच्या आधी पाच मिनिटं लॅपटॉप चालवून कोमट करा म्हणजे जुनी पेस्ट मऊ होते. हीटसिंकवर स्क्रूशेजारी १, २, ३, ४ असे आकडे असतात, काढताना उलट्या क्रमाने थोडे थोडे सैल करा, लावताना सुलट क्रमाने थोडे थोडे घट्ट करा, एकच कोपरा पूर्ण आवळला तर उघड्या सिलिकॉन चिपचा कोपरा तुटू शकतो. हीट पाइप वाकवू नका, आत थोडंसं पाणी असतं, ते चिपपाशी वाफ होतं आणि जाळीपाशी परत पाणी होऊन आतल्या वातीतून मागे येतं, पाइप चेपला की हे चक्र बिघडलं. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सॅनिटायझरने नाही, त्यात ग्लिसरीन असतं ते मागे राहतं. लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं, त्यामुळे मध्यभागी ठिपका देऊन सोडून न देता पूर्ण चिपवर पातळ थर पसरवा.

कुठली पेस्ट हा प्रश्न सगळे विचारतात. पातळ पेस्ट लॅपटॉपमध्ये टिकत नाही, चिप तापून-गार होऊन पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते आणि तीन-चार महिन्यांत परत तेच आकडे. घट्ट पेस्ट घ्या, किंवा माझं ऐकाल तर हनीवेलचं पीटीएम ७९५० घ्या, ती पेस्ट नसून पातळ पापुद्रा असतो, ४५ डिग्रीच्या आसपास मऊ होऊन चिपवर बसतो आणि बाहेर ढकलला जात नाही. लावायच्या आधी १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा नाहीतर प्लास्टिक सोलताना फाटतो. पहिल्या दिवशी आकडे वाईट दिसले तर घाबरू नका, दोन-चार वेळा तापून गार झाला की सुधारतो. लिक्विड मेटलच्या, म्हणजे पेस्टऐवजी लावायच्या पातळ धातूच्या, वाटेला मात्र जाऊ नका. काही कंपन्या फॅक्टरीतच लावून देतात, पण तिथे मशिन आणि गळती थांबवणारी चौकट असते. ते विजेचं वाहक आहे, एक थेंब बोर्डावर घरंगळला की शॉर्ट, आणि त्यातलं गॅलियम अल्युमिनियमला खाऊन टाकतं.

आता थर्मल पॅडचं, म्हणजे मेमरीसारख्या भागांवर हीटसिंकखाली लावलेल्या मऊ पट्ट्यांचं, हे मी मार खाऊन शिकलो. एकदा वेळ नव्हता म्हणून लॅपटॉप एका दुकानात दिला, त्यांनी पेस्ट चांगली लावली पण मेमरीवरचे थर्मल पॅड फाटलेले म्हणून नवीन लावले, जाडी न मोजता. १ मिलिमीटरच्या जागी दीडचे. हीटसिंक पॅडवरच टेकला, चिपवर नीट बसलाच नाही, आणि लॅपटॉप चालू करून दोन मिनिटांत १००. मला वाटलं चिपच गेली, दोन दिवस झोप नव्हती. म्हणून जुने पॅड शाबूत असतील तर हातच लावू नका, बदलायचेच असतील तर न दबलेल्या कडेची जाडी मोजा, आणि ती कळत नसेल तर थर्मल पुटी वापरा, ती दाबली की जागेएवढी होते त्यामुळे चूक होत नाही.

खालच्या झाकणाला भोकं पाडायचं बरेच जण विचारतात. आधी झाकण काढूनच लॅपटॉप ठोकळ्यांवर ठेवा आणि तोच गेम खेळून मोजा, आत बोट जाणार नाही एवढं बघा. ५-६ डिग्री फरक पडला तर तुमच्या झाकणाची जाळी खरंच लहान आहे, मग बरोबर पंख्याच्या वरच ड्रिल करा, झाकण वेगळं काढून, बुरादा पूर्ण धुऊन, आणि आतून बारीक नायलॉनची जाळी चिकटवा. १-२ डिग्रीच फरक पडला तर ड्रिल परत ठेवून द्या. काही लॅपटॉपमध्ये बंद झाकणामुळेच हवा रॅम आणि पॉवरच्या भागांवरून फिरून पंख्याकडे येते, तिथे भोकं पाडली की प्रोसेसर थंड दिसतो आणि बाकीचे भाग तापतात.

उघडलाच आहे तर रॅम पण बघून घ्या. एकच काडी असेल तर तशीच दुसरी टाका, ड्युअल चॅनलने, म्हणजे दोन काड्या एकत्र चालल्याने, प्रोसेसरवर अवलंबून असलेल्या गेममध्ये फ्रेम्स वाढतात आणि झटके कमी होतात, तापमानात काही फरक नाही.

बंद करायच्या आधी दोन्ही पंख्यांचे कनेक्टर बसलेत का, मग बॅटरी, मग झाकण. चालू करून आधी बायोसमध्येच पंखे फिरतात का ऐका, मग विंडोज, मग तोच गेम तोच अर्धा तास, आणि वहीत नवीन आकडे जुन्याच्या शेजारी. मी हे दरवर्षी होळीच्या आधीच्या रविवारी करतो, त्याच दिवशी कूलरची खस बदलायची असते, अंगणात सगळा पसारा निघालेलाच असतो.