आरसा डावं-उजवं बदलत नाही: फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा होती. सपाट आरशाचं प्रॅक्टिकल, रीडिंग्ज छान आलेली. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "आरसा डावं-उजवं बदलतो ना? मग डोकं आणि पाय का नाही बदलत?" प्रतिमा आभासी, आरशामागे तेवढ्याच अंतरावर, बाजूंची अदलाबदल झालेली, हे सगळं मला पाठ होतं. उत्तर मात्र नव्हतं. आता मी स्वतः प्रॅक्टिकल घेते आणि नव्या मुलांना हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारते, कारण प्रकाशाच्या धड्यात यापेक्षा मोलाचा प्रश्न मला सापडलेला नाही.

उत्तर मिळालं ते घरी, नारायण पेठेत. माझे आजोबा छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईचे उलट्या अक्षरांचे ठसे, जुळवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे उलटी अक्षरं ते आपण पाटी वाचावी तशी वाचायचे. त्यांनी ट्रेसिंग पेपरवर ठसठशीत 'क' काढला आणि म्हणाले, "तुला सरळ वाचता येईल असा धर आणि आरशासमोर उभी राहा." आरशातला 'क' सुलटा होता! मग त्यांनी वहीचं पान उलटावं तसा कागद फिरवायला लावला. आता 'क' उलटा. नंतर कॅलेंडरचं पान वर करून मागे टाकावं तसा फिरवला, तर अक्षराचं डोकं खाली गेलं, पण डावं डावीकडेच राहिलं. "कागद कुणी फिरवला? तू. मग आरशाच्या नावावर कशाला घालतेस?"

हे आजच करून बघा. आरशासमोर उभं राहून खिडकीकडचा हात हलवला, तर आरशातही खिडकीकडचाच हात हलतो. डोकं वरच असतं. बदलतं ते फक्त पुढचं-मागचं: तुमचं नाक आरशाकडे, प्रतिमेचं तुमच्याकडे. आपण मनात स्वतःला गर्रकन फिरवून त्या जागी उभं करतो आणि मग म्हणतो की घड्याळ चुकीच्या हातात आहे. गणितात हे एका ओळीचं काम आहे. तीन अक्षांपैकी आरशाला लंब असलेल्या एकाच अक्षाचं चिन्ह बदलतं, बाकीचे दोन तसेच राहतात.

असं का होतं, ते प्रॅक्टिकलमध्ये आरशासमोर टाचण्या लावताना दिसतं. टाचणीपासून निघालेले किरण आरशावर आपटतात, जितक्या कोनात येतात तितक्याच कोनात परततात. परतलेले किरण पट्टीने मागे वाढवले की सगळ्या रेषा एकाच बिंदूत भेटतात, टाचणीतून आरशावर काढलेल्या लंबावर आणि तेवढ्याच अंतरावर. तिथे प्रकाश पोचलेलाच नसतो, म्हणून प्रतिमा आभासी.

एक सूचना, जी मला कुणी दिली नव्हती. प्रयोगशाळेतल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागच्या बाजूला असतो. काच ३ मिलिमीटर जाड असेल, तर तो मुलामा पुढच्या पृष्ठभागापासून साधारण २ मिलिमीटरवरच असल्यासारखा भासतो. आरशाची रेषा पुढच्या कडेला आखलीत तर अंतरं जुळणार नाहीत आणि तुम्ही उगाच टाचण्यांना दोष द्याल. रेषा मागच्या कडेलगत आखा; उरलेली चूक मिलिमीटरभर असते आणि ती जर्नलमध्ये कारणासकट लिहा. रीडिंग 'जुळवून' आणू नका. ती चूकच तुम्हाला अपवर्तन, म्हणजे काचेत शिरता-निघताना प्रकाशाचं वळणं, शिकवते.

अंतर्गोल, बहिर्गोल आरशांची सूत्रं कॉलेजात होतीलच. वास्तव प्रतिमेचा, म्हणजे जिथे किरण खरोखर एकत्र येतात तिचा, खरा उपयोग पाहायचा तर पुण्याहून सुमारे ८० किलोमीटरवर गिरवलीला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची दुर्बीण आहे. तिचा मुख्य आरसा २ मीटर व्यासाचा आहे.

त्यापेक्षा काचवाल्याकडून दोन लहान तुकडे कापून आणा, कडा घासून घ्या आणि काटकोनात उभे करा. मधोमध पाहिलंत की डावीकडचा भांग लोकांना दिसतो तसा दिसेल. दोन आरशांतलं लागोपाठचं परावर्तन म्हणजे त्यांच्यामधल्या कोनाच्या दुप्पट फिरवणं. ९० अंशांचे १८० झाले, म्हणून प्रतिमा खरोखर फिरून उभी राहिली. हे समजलं त्या दिवशी सममिती, म्हणजे फिरवून किंवा आरशात पाहूनही आकृती तशीच राहणं, हा शब्द माझ्यासाठी जिवंत झाला.

मग उंबऱ्यावरची रांगोळीही वेगळी दिसायला लागते. कमळाच्या मध्यावर आरसा उभा धरा, अर्ध्या कमळाचं पूर्ण कमळ होतं. स्वस्तिकावर कुठेही धरा, मूळ आकृती परत मिळत नाही. पाव फेरा फिरवलं तर ते जसंच्या तसं दिसतं, पण आरशात त्याच्या भुजा दुसरीकडे वळतात. फिरवण्याची सममिती आहे, आरशाची नाही.

रेणूंचंही तसंच असतं. पुदिन्यात कार्व्होन असतं आणि बाळंतशोपांतही. अणू तेच, जोडणीही तीच, पण एक रेणू दुसऱ्याचं आरशातलं रूप, डाव्या-उजव्या हातांसारखं. नाकाला मात्र दोन वेगळे वास येतात, कारण वास ओळखणारी आपली प्रथिनंही एकाच हाताची असतात. रसायनशास्त्राकडे वळायचं मनात असेल तर हा धागा धरून ठेवा. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी संशोधनाला गेलात तर तो पुन्हा भेटेल.

एमएस्सीला आल्यावर कळलं की प्रश्न याहून खोल जातो. १९५६ साली ली आणि यांग या भौतिकशास्त्रज्ञांनी शंका काढली की काही घडामोडींत निसर्ग आरशातल्या रूपाला समान मानत नसावा. चिएन-श्युंग वू यांनी प्रयोग केला: किरणोत्सारी कोबाल्ट-६० निरपेक्ष शून्याजवळ, म्हणजे शक्य तितक्या कमी तापमानाजवळ, थंड करून, केंद्रकं चुंबकीय क्षेत्रात एका दिशेला लावून, बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजले. केंद्रकाच्या परिवलनाच्या (स्पिनच्या) दिशेपेक्षा उलट दिशेला ते जास्त निघत होते. आरशातल्या जगात ते परिवलनाच्याच दिशेला जास्त निघताना दिसले असते, आणि निसर्गात तसं घडत नाही. १९५७ चं नोबेल ली आणि यांग यांना मिळालं, वूंना नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

हे आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांची नजर अधू झाली होती. बराच वेळ विचार करून त्यांनी विचारलं, "म्हणजे खिळा कुठला आणि छापलेलं अक्षर कुठलं, हे सृष्टीत ओळखता येतं?"

"येतं, आजोबा."

"परत सांग," ते म्हणाले, "सावकाश." मी ट्रेसिंग पेपर शोधायला उठले.